शिवेपर्यंतची फटफटी

विषय : शर्यतीच्या एका जुन्या फटफटीची घरगुती दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतर ती नेमकी कोणती, याबाबत.

संदर्भ : दोन सख्ख्या भावांचा दरबारातील अर्ज.

वरील विषयी लहानथोर वाचकांस कळविण्यात येते की, फार पूर्वी, म्हणजे दरबारच्या दप्तरातही साल सापडत नाही इतक्या पूर्वी, डोंगरापलीकडे एक राज्य होते. त्या राज्यात राजा होता, जनावरे बोलत आणि रस्त्यावर फटफट्याही पळत. हे सगळे एकाच काळी कसे, असे विचारू नये. तिथेही कोणी विचारले नाही. जनावरे बोलत खरी, पण माणसे ऐकत नसत, त्यामुळे कोणाचेच काही अडत नसे.

दरवर्षी दसऱ्याला राजवाड्यापासून राज्याच्या शिवेपर्यंत फटफट्यांची शर्यत होई. जो पहिला शीव ओलांडी, त्याच्या हातावर राजा आपट्याचे पान ठेवी. एका गावातल्या एका माणसाने तरुणपणी हे पान अनेकदा मिळवले होते. पुढे एका शर्यतीत शिवेजवळच्या वळणावर तो पडला. गाडीचे तुकडे झाले. घरच्या गाढवाने ते पाठीवरून वाहून आणले आणि तेव्हापासून ते तुकडे गोठ्यात पडून होते.

आता तो माणूस म्हातारा झाला होता. पाय गेले होते. एका दसऱ्याला ओसरीवर बसून त्याने दोन्ही मुलांना सांगितले, "पुढच्या दसऱ्याला मला माझ्या गाडीवरून शीव ओलांडायची आहे. हँडल मी धरीन. तुम्ही मागे बसून मला धरा."

वैद्याने नाडी पाहिली आणि मुलांना बाजूला घेऊन सांगितले, "पुढच्या दसऱ्यापर्यंत मी नेतो त्यांना. त्याच्यापुढचे माझ्याकडे मागू नका."

मुले चांगली होती. त्यांनी गाढवाला कडुनिंबाखाली बांधले आणि गोठ्याचे गॅरेज केले.

दोघांनी गंज खरवडला, नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत टाकले, हात काळे करून घेतले. काही दिवस सुखाने गेले. मग कार्बोरेटरवरून बिनसले. थोरल्याचे म्हणणे, जे खराब ते काढून नवे घालावे. धाकट्याचे म्हणणे, जे जुने ते घासून तेच बसवावे.

"हा कार्बोरेटर कुजलाय," थोरला म्हणाला.

"आबाही थकलेत. त्यांनाही बदलायचं का?"

"तोंड सांभाळ. आबांना शिवेपर्यंत न्यायचंय. वाटेत बंद पडली तर तू ढकलणार आहेस?"

थोरल्याने नवा कार्बोरेटर आणवला. पुढे नवा पिस्टन आला, नवी चाके आली, नवी टाकी आली. शेवटी सांगाड्यालाही चीर दिसली म्हणून सांगाडाही नवा आला. सगळे बाजारातून गाढवाच्या पाठीवर आले. काढलेला भाग मात्र भंगारात जात नसे. कारण त्या राज्यात खंडेनवमीला ज्या वस्तूची पूजा झाली, ती मोडीत घालत नसत. थोरली सून प्रत्येक भाग पुसून कोपऱ्यातल्या पाटावर ठेवी आणि त्याला कुंकू लावी.

"अगं, ते भंगार आहे," थोरला म्हणे.

"लग्न होऊन आल्यापासून मी त्याला ओवाळतेय. तेव्हा नाही म्हणालात भंगार."

असा पाट भरत गेला आणि एके दिवशी धाकट्याच्या लक्षात आले की पाटावर अख्खी गाडी जमली आहे. त्याने मुकाट्याने गोठ्याची दुसरी बाजू धरली. चीर सांधली, गंज घासला, जुने सगळे जुन्या जागी बसवले. भावाभावांत बोलणे राहिले नव्हते. पाना हवा असला तर ते थोरल्या सुनेमार्फत मागत.

दसरा उजाडला. दोन फटफट्या ओसरीपुढे उभ्या राहिल्या. दोन्ही सुरू होत होत्या. म्हाताऱ्याला उचलून आणले. त्याने एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे पाहिले.

"माझी कोणती?" त्याने विचारले.

"ही," दोघे म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"आबा, ही या गोठ्यातून कधी हललीच नाही," थोरला म्हणाला. "एकेक भाग बदलला, पण गाडी तीच. तुमचे दात पडले, कवळी बसवली, म्हणून काय तुम्ही दुसरे झालात?"

"आणि ज्या सीटवर तुम्ही बसलात ती माझ्याकडे आहे," धाकटा म्हणाला. "ज्या टाकीवर छाती टेकवलीत ती माझ्याकडे आहे. दादाकडे तुमचा हात लागलेला एक खिळा तरी आहे का?"

म्हाताऱ्याने धाकट्याच्या टाकीवर हात फिरवला. वळणावर पडल्याचा पोचा बोटांना लागला. त्याचे डोळे भरले. तेवढ्यात थोरल्याने किक मारली आणि तरुणपणी ऐकला होता तोच आवाज निघाला. म्हातारा दचकून तिकडे वळला.

"पोचा इथे आहे," तो म्हणाला, "आवाज तिथे आहे. मला काही कळत नाही रे." त्याने अंगणातल्या उन्हाकडे पाहिले. "कळायची गरजही नाही. कोणत्याही एकीवर बसवा. ऊन उतरायच्या आत निघू."

पण बसवणार कोणत्या गाडीवर? ज्या गाडीवरून तो शीव ओलांडेल, तीच खरी ठरणार होती, आणि दुसऱ्या भावाचे वर्ष वाया जाणार होते.

"आधी निकाल लागू दे," थोरला म्हणाला. या एका वाक्यावर धाकट्याचे त्याच्याशी एकमत झाले. म्हाताऱ्याला ओसरीवर सोडून दोघे दरबारात गेले आणि दोघांनी मिळून एकच अर्ज दिला.

दरबारने अर्जाची तातडीने दखल घेतली. प्रकरण गुंतागुंतीचे असल्याने समिती नेमण्यात आली. यंत्रातला जाणकार उपलब्ध नसल्याने एक हत्तीतला आणि एक घोड्यातला घेण्यात आला. अंतरिम आदेश असा झाला की, निकाल लागेपर्यंत दोन्ही गाड्या जागेवरून हलवू नयेत. दरबारी माणसाने लगोलग येऊन दोन्ही हँडलांना लाखेच्या मोहरा लावल्या. वाद नको म्हणून मोहरा सारख्या आकाराच्या होत्या.

ओसरीवरून म्हातारा हे पाहत होता. सावल्या लांबल्या होत्या.

"आबा," कडुनिंबाखालून गाढव म्हणाले, "तुमची मोडलेली गाडी शिवेवरून मीच आणली. नवी गाडीही तुकड्यातुकड्याने मीच आणली. खरी कोणतीही असो, माझ्या पाठीवरून गेलेली आहे. येताय का?"

म्हाताऱ्याने ऐकले. पाय गेल्यापासून तो ऐकू लागला होता.

"लोक हसतील," तो म्हणाला.

"मला रोजच हसतात."

थोरल्या सुनेने त्याला गाढवावर बसवले आणि ती बाजूने आधार देत चालू लागली. गाढवावर बसवलेला माणूस दिसला की त्या राज्यात एकच अर्थ होई. पोरे पत्र्याचे डबे वाजवत मागे लागली. एक म्हातारी दारातून ओरडली, "अगं, सासऱ्याची धिंड काढतेस? काय गुन्हा केला त्यांनी?"

"गुन्हा नाही, मावशी. शीव ओलांडायला निघालेत."

हसावे की हात जोडावे, हे कोणालाच ठरवता येईना. डबे वाजायचे थांबले. काहींनी हात जोडले, काहींनी तोंडावर पदर धरला, काहींनी दोन्ही केले. वळणाशी आल्यावर म्हातारा सवयीने एका अंगाला झुकला. गाढवही झुकले. ऊन उतरता उतरता त्यांनी शीव ओलांडली.

दरबारातून परतलेले दोघे मुलगे रिकामी ओसरी पाहून धापा टाकत पोहोचले, तेव्हा म्हातारा आपट्याच्या झाडाखाली बसला होता. त्याने दोघांच्या हातावर एकेक पान ठेवले. "सोने घ्या," तो म्हणाला. "सारखेच आहे. भांडू नका."

पुढच्या दसऱ्याला म्हातारा नव्हता. गाड्या मोहरबंद उभ्या होत्या. उभ्या उभ्याच दोन्हींची इंजिने जाम झाली. भाऊ आपापल्या गाडीवरची धूळ झटकतात. मोहरेला हात लागणार नाही एवढे जपतात. गाढव अजून कडुनिंबाखालीच असते, कारण गोठ्यात जागा नाही.

समितीतला हत्तीवाला निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा आला. मग घोड्यातल्याच्या जागीही नवा आला. आज मूळ समितीतले कोणीही त्या समितीत नाही. समिती मात्र तीच आहे, याबद्दल दरबारात कोणालाही शंका नाही.

तात्पर्य : वस्तू खरी कोणती हे ठरवण्याच्या नादात, ती ज्याच्यासाठी दुरुस्त केली त्याला ताटकळत ठेवू नये.

अर्ज प्रलंबित आहे.