हौसाची गाठ

फार वर्षांपूर्वी, चिंचडोहाच्या डोहाला अजून तळ सापडला नव्हता आणि गावातल्या तोंडांना कुलूप नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. डोहाचा तळ पुढे सापडला. तोंडांचं काही सांगवत नाही.

त्या गावात हौसा नावाची बाई होती. म्हादू गाडीवानाची बायको. शेतात राबायची, पाणी भरायची, दळायची, रांधायची. ते सगळ्याच करत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दुपारची भांडी पालथी पडली की हौसा उंबऱ्यात पाय लांब करून बसायची आणि मांडीवर चिंध्यांचं गाठोडं सोडायची. फाटकं लुगडं, धोतराचा काठ, विटलेली बंडी, लोक जे उकिरड्यावर टाकत ते ती उचलून आणायची, डोहावर धुवायची, वाळवायची आणि त्यातून वस्तू करायची. बाजाराच्या पिशव्या, पानसुपारीच्या चंच्या, पोरांची झबली, गोधड्या, आणि बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येते ती कुंची. तिला कुणी सांगितलेलं नसायचं. नादच होता तिला. हातात सुई आली की जिवाला बरं वाटायचं, एवढंच कारण. असं म्हणतात, की तिचा धावदोरा बघून मुंग्या रांगेत चालायला शिकल्या.

आता नादाचंही ऐकून घ्या. म्हादूला शर्यतीच्या बैलांचा नाद होता. त्याचा खोंड घरातल्या माणसांच्या आधी जेवायचा. पाटलाला कोंबडे झुंजवायचा नाद होता. त्याला गाव शौक म्हणायचं. हौसाच्या नादाला गाव खूळ म्हणायचं. पुरुष दिवसभर चावडीवर बसून कोंबड्याची नखं घासतो, तो रंगेल. आणि बाई सगळं उरकून घटकाभर स्वतःच्या उंबऱ्यात सुई घेऊन बसली, की ती रिकामटेकडी. हे कुठल्या न्यायात बसतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सांगू शकेल असा कुणी जन्मलाय असंही दिसत नाही.

बरं, खूळ म्हणणारे तिच्या वस्तू नाकारत होते का? छे. चिंचडोहात एक खुंटी अशी नव्हती, की जिच्यावर हौसाची पिशवी नव्हती. पाटलाच्या कमरेची चंची तिनं शिवलेली. पुरुषांच्या फाटल्या बंड्या-बाराबंद्यांना टाके तिनंच घातलेले. म्हादूच्या बैलांच्या झुली तिनं शिवलेल्या. भैरोबाच्या पालखीवरचं छतसुद्धा तिचंच. न्यायला सगळे पुढे, नाव घ्यायला कुणी नाही.

आणि नाव घ्या एवढंच तर ती मागायची. हौसाची एक रीत होती. वस्तू शिवून द्यायची, पण शेवटची गाठ मारायची नाही. बोटभर दोरा लोंबता ठेवायची आणि घेणाऱ्याला सांगायची, गाठ तुम्ही मारा आणि मारताना म्हणा, 'हौसानं शिवलं.' बस. धान्य नको, लुगडं-चोळी नको. दोन शब्द.

ते दोन शब्द गावाच्या घशात अडकले. पाटील म्हणाला, चिंध्या आमच्या, मग नाव हिचं कशाला? म्हादू म्हणाला, घरच्या बाईनं झूल शिवली म्हणून दवंडी पिटायची का? बायकाही काही कमी नव्हत्या. लोंबता दोरा कुणी आत खोचून टाकला, कुणी दातानं तोडला. गाठ कुणीच मारली नाही. नाव हौसा आणि हौस चिंध्यांची, असं म्हणून वर हसले. हौसानं पुढची चिंधी उचलली. पण एवढं ध्यानात ठेवा, की त्या दिवसांत अख्खं गाव बिनगाठीच्या टाक्यांवर उभं होतं.

मग त्या साली तुळसा माहेरी आली. नवऱ्यानं तिला पोटुशी असतानाच घालवून दिली. म्हणाला, पोर माझं नाही. त्याला कुणी पुरावा विचारला नाही. पुरावा मागितला तो तुळसाकडं. भावानं घरात घ्यायचं धाडस केलं नाही, गोठ्यात जागा दिली. तिथंच ती बाळंत झाली आणि तिला मुलगी झाली. पंचांनी बसून निवाडा केला, की बापाचं नाव नाही तर बारसं नाही, बारसं नाही तर पोरीला नाव नाही, आणि अशा पोराला गावातल्या कुणी अंगडं, टोपडं, कुंची द्यायची नाही. दिली तर ते घरही वाळीत.

पौषातली थंडी होती. माळावरचा वारा गोठ्याच्या कुडातून सरळ आत यायचा. शहाणी माणसं शेकोटीभोवती बसून निवाडे करत होती आणि बोटभर जीव बिनानावाचा, उघड्या डोक्याचा तिथं पडला होता. असं म्हणतात, की तुळसा त्या पोरीला कालवडीच्या पोटाशी ठेवायची, आणि ती कालवड पहाटेपर्यंत कूस बदलायची नाही. जनावराला कळलं ते पंचांना कळलं नाही.

हौसानं घरी सांगितलं, की मी त्या पोरीला कुंची शिवणार. म्हादू हादरला. जत्रा तोंडावर आलेली. वाळीत पडलो तर माझे बैल पळायचे नाहीत, म्हणाला.

"बैलांना झुली हायत," हौसा म्हणाली. "त्या पोरीला काय हाय?"

उत्तराची तिनं वाट बघितली नाही. गाठोडं सोडलं. घरोघरच्या चिंध्या निवडल्या. पाटलाच्या जुन्या लाल पटक्याचा एक तुकडा होता, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. सगळ्यात मऊ म्हणून तो तिनं माथ्यावर लावला. टाका असा बारीक घातला, की वाऱ्यालाही आत यायला वाट राहू नये.

कुंची घेऊन ती दिवसाढवळ्या, वेशीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोठ्यात गेली. लपूनछपून नाही. तुळसाला तिनं नेहमीचंच सांगितलं. तुळसानं लोंबता दोरा हातात घेतला आणि गाठ मारली.

"हौसाक्कानं शिवलं," ती म्हणाली.

असं म्हणतात, की ते ऐकून हौसानं ती गाठ बोटानं दोनदा चाचपून बघितली. इतक्या वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं होतं, आणि घेतलं ते जिच्या पोरीला नाव नव्हतं तिनं.

हौसाचं घर वाळीत टाकायचं पंचांनी जत्रेनंतरवर ढकललं, कारण शर्यतीला म्हादूचे बैल हवे होते. माघी पुनवेला जत्रा भरली. पालखी निघाली, त्यावर हौसाचं छत. बैल सजले, त्यांच्यावर हौसाच्या झुली. तुळसा पोरीला घेऊन भैरोबाच्या पायाशी आली. देव तरी बापाचं नाव विचारणार नाही, असं तिला वाटलं असावं. देवानं विचारलंही नाही. विचारलं ते पाटलानं, कारण त्याला कुंचीचा माथा दिसला.

बिनबापाच्या पोरीच्या डोक्यावर माझा पटका कुणी बांधला, म्हणून तो गरजला. हौसा गर्दीतून पुढं आली.

"उकिरड्यावर पडला व्हता, पाटील. तवा तुमचा न्हवता."

कुणीतरी फिसकन हसलं. ते पाटलाला झोंबलं. त्यानं हुकूम सोडला, कुंची उसवा, इथंच, सगळ्यांसमोर. जावळं काढायला बसलेल्या म्हाताऱ्याचा वस्तरा मागवला. वस्तरा दोऱ्यावरून दगडावरून घसरावा तसा घसरला आणि त्याची धार वळली. मेंढ्यांची लोकर कापायची कात्री आणली, तिची पाती दुमडली. असं म्हणतात, की एवढं सगळं होईतो पोर जागीसुद्धा झाली नाही.

"ती न्हाई उसवायची," हौसा म्हणाली. "तिला गाठ हाय. बाकी समद्या गावात माझा एक टाका गाठीचा न्हाई. तुमाला उसवायची एवढी हौस हाय, तर उसवू की."

आणि संध्याकाळी माळावरून गाय बोलवावी तशा आवाजात ती म्हणाली, "चला गं, घरी चला."

आधी पालखीचं छत गेलं. चार काठ्या उभ्या राहिल्या आणि कापड पाकळ्यांसारखं गळालं. मग बैलांच्या झुली घसरल्या, बैल बुजले आणि शर्यत सोडून थेट गोठ्याकडं पळाले. इतक्या जोरात ते कधीच पळाले नव्हते, म्हादूनं बघायला हवं होतं, पण तो स्वतःची बंडी सावरत होता. पाटलाच्या चंचीचा तळ सुटला. सुपारी, कात, तंबाखू, सगळं त्याच्याच पायावर सांडलं. बाजारकरांच्या पिशव्या उघडल्या आणि गुळाचे खडे उतारावरून गडगडत गेले. ज्या हातांनी मिशा पिळायच्या, त्या हातांनी गावातले पुरुष आपापले कपडे धरून उभे होते. आणि जमिनीवरून लाल, पांढरे, हिरवे दोरे माणसांच्या पायांतून, पाटात पाणी सोडावं तसे, गावाकडं निघाले. हौसाच्या उंबऱ्यात त्यांची गुंडी झाली. कुणी म्हणतात घागरीएवढी, कुणी म्हणतात बैलाच्या डोक्याएवढी.

पुढं देवळातल्या शहाण्यांनी सांगायला सुरुवात केली, की तो भैरोबाचा कोप होता. भैरोबाला काय पडलंय? त्याचं छतसुद्धा गेलं होतं की. बाईनं केलेलं मोठं काही दिसलं, की ते देवाच्या नावावर टाकायचं, आणि बाईनं केलेलं बारीक असेल तर कुणाच्याच नावावर नाही. ही चोरी आहे. चिंध्या आमच्या म्हणणाऱ्यांना ही चोरी कधी दिसली नाही.

लोक घरी आले तर गोधड्यांच्याही चिंध्या झालेल्या. सूर्य कलला आणि थंडी उतरली. त्या संध्याकाळी चिंचडोहात ऊब एकाच डोक्याला होती, तुळसाच्या पोरीच्या.

सगळ्यांत आधी पाटलीणबाई आली. कवेत चिंध्या, मागं कुडकुडणारी लेकरं.

"हौसा, तू दिलेल्या गोधडीचा दोरा मी दातानं तोडला व्हता," ती म्हणाली. "लई किरकोळ वाटला तवा."

हौसानं तिला टोचून बोलायला हवं होतं. मी असते तर बोलले असते. पण ती सरकली, उंबऱ्यात जागा केली आणि सुई आणलीया का म्हणून विचारलं. मग एकेक घर आलं. दोरा सगळ्यांना मिळेल, ती म्हणाली, पण आधी पोरीचं बारसं, आणि तेही चावडीवर, जिथं निवाडा झाला तिथंच. प्रत्येक घरानं आपल्या हातानं एक तुकडा कुंचीला द्यायचा. टाकलेला नाही, अंगावरचा.

बारशाला सगळे आले. थंडीपुढं पंच किती टिकणार? शेवटी पाटील आला, एका हातानं बाराबंदी धरून.

"तुझ्याकडं माझा तुकडा हाय की," तो म्हणाला.

"त्यो मी उचलला व्हता. आता तुमी द्या."

पाटलानं डोक्यावरचा नवा कोरा पटका उतरवला. साऱ्या गावासमोर त्याचा काठ फाडला, तुकडा दिला, आणि उसवलेली चंची शिवून हातात आली तेव्हा गाठ मारताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

"वाऱ्यानं ऐकू आलं न्हाई, पाटील," हौसा म्हणाली.

"हौसानं शिवलं," पाटील म्हणाला. या खेपेला डोहापलीकडच्या वाडीलाही ऐकू गेलं, असं म्हणतात. म्हादूला मात्र काही सांगावं लागलं नाही. तो झुली घेऊन आधीच रांगेत उभा होता.

बायका म्हणाल्या, पोरीचं नाव हौसाच ठेवू. हौसानं ते चालू दिलं नाही. माझं नाव गाठीला द्या, म्हणाली, पोरीला तिचं स्वतःचं असू द्या. मग तुळसानं पाळण्यावर वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं, मंजुळा.

हौसा कधी गेली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. असं म्हणतात, की एका दुपारी ती उंबऱ्यात दिसली नाही. तिथं अर्धी गोधडी होती, सुई तशीच टोचलेली, आणि दोरा लोंबता. ती गोधडी अजून चिंचडोहात आहे. माघी पुनवेला गावातल्या बायका तिला एकेक टाका घालतात. गावात नांदायला आलेली नवी सून पहिला टाका घालते. गाठ कुणी मारत नाही.

आणि आजही त्या गावात बाळ जन्मलं, की घराघरातून अंगावरच्या कपड्याचा तुकडा येतो आणि त्याची कुंची होते. विकतची टोपी कितीही झुळझुळीत असो, आधी कुंची. गाठ आईनं मारायची, आणि मारताना ते दोन शब्द म्हणायचे. बाळ बघायला आलेला माणूस तिथं 'पोर कुणाचं' असं विचारत नाही. विचारलं तर त्याला पाणीसुद्धा न देता वाटेला लावतात. तिथं विचारतात, गाठ कुणी मारली? आणि बाळाची आई आपलं नाव सांगते.