पाटी झालेला टायर

गाड्यांना नुकतीच विजेची चटक लागली होती, तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या दुकानात एक उंच, अरुंद टायर चुकून आला. तो कुठल्याच गाडीला बसेना. शेवटी मालकाने त्यावर ‘मेहबूबभाई पंक्चरवाले, घाटाखाली’ असं रंगवून त्याला दारात टांगलं. बाकीचे टायर हसत, "हा कसला टायर? ही तर पाटी!"

एकदा विजेची निळी गाडी टायर फाटून लंगडत आली. चार गावांत तिच्या मापाचा टायर मिळाला नव्हता. दाराकडे पाहून ती ओरडली, "अगं बाई, हा तर माझ्याच मापाचा!"

टायर चढला, हवा भरली. तो ओशाळून म्हणाला, "ताई, अंगावरची अक्षरं पुसायची राहिली."

"राहू देत. माझ्यासारखी आणखी कुणी अडली, तर तिला पत्ता कळेल."

आणि अंगावर ‘पंक्चरवाले’ मिरवत टायर टेचात घाट चढू लागला.