टेबलावर फिरलेला मोठा पंखा

तळ्यावर रिमोटच्या होड्यांच्या शर्यती रंगत, तेव्हाची ही गोष्ट. सदू तांडेल होड्या बांधत. त्यांच्याकडच्या एका लहानशा इंजिनाने, पाण्याखाली फिरून होडी ढकलणाऱ्या बोटाएवढ्या पितळी पंख्यावर तीन शर्यती मारल्या होत्या. पण थोरल्या होडीसाठी आणलेला रुंद पंखा दिसला, की इंजिनाच्या पोटात दुखू लागे.

एकदा तांडेलांनी तो रुंद पंखा त्यालाच जोडून टेबलावर चालवून पाहिला. पंखा असा भिरभिरला की खोलीतले कागद उडाले.

"आता मला हाच हवा," इंजिन म्हणालं.

"इथे नुसती हवा कापायची आहे," चिमुकला पंखा म्हणाला. "पाण्याचा भार वेगळा असतो रे."

"तुला माझं चांगलं बघवत नाही."

तांडेलही टेबलावरच्या त्या भिरभिरण्याला भुलले. शर्यतीला त्यांनी रुंद पंखाच बसवला. पहिल्या वळणापर्यंत इंजिनाने तो जिवाच्या आकांताने ओढला. मग त्याचं अंग तापलं, आवाज घोगरा झाला आणि भर तळ्यात पिस्टन कायमचा जाम झाला.

"माझंच चुकलं. तुला टेबलावर जोखलं," असं म्हणत तांडेलांनी त्याला पुसून फळीवर ठेवलं.

पुढे नवं इंजिन आलं. रुंद पंख्याकडे पाहत तेही म्हणालं, "मला तो हवा."

फळीवरच्या इंजिनाला खूप सांगायचं होतं, पण त्याचा आवाज तळ्यातच राहिला होता. तांडेल उठले आणि टपात पाणी भरू लागले.