नऊ चेंडूंचा दोष

फार फार वर्षांपूर्वीची ही हकीकत. तेव्हाच्या राजांची नावं लोक विसरले, पण घडलं ते विसरले नाहीत. लहानांनी ऐकावी अशी आहे, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती. मध्ये होतं एक मोठं कुरण. त्या कुरणापायी पूर्वी लढाया होत, माणसं मरत. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, तलवारी म्यानात ठेवायच्या आणि पायचेंडू खेळायचा. दर होळीला सामना व्हायचा. जिंकेल त्याची गुरं वर्षभर कुरणात चरायची.

खेळ सोपा होता. दोन्ही टोकांना दोन-दोन खांब रोवलेले. त्या खांबांमधल्या जागेला वेस म्हणत. दुसऱ्याच्या वेशीतून चेंडू पार केला की एक डाव मिळे. दर संघात अकरा गडी. त्यांपैकी सातजण पुढे धावत. चौघे मागे राहून आपली वेस राखत, म्हणून त्यांना राखणदार म्हणत. हे अकराही राजाच्या पदरी असत. खेळणं हेच त्यांचं काम.

उगवतीच्या राज्यात रायाजी नावाचा राखणदार होता. उंचापुरा, देखणा. तो चेंडूवर झडप घालायचा तेव्हा लोक उभे राहून त्याच्या नावाचा गजर करत. त्याच्या शेजारी हैबती खेळायचा. हैबती ठेंगणा, अबोल, पन्नाशीकडे झुकलेला. त्याच्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नव्हती.

एका होळीला आक्रीत घडलं. उगवतीच्या वेशीतून एकापाठोपाठ एक नऊ चेंडू पार झाले. नऊ! मागच्या दहा वर्षांत मिळून इतके गेले नव्हते. माणसं तोंडाचा आ वासून बसली. होळी पेटवायला कुणी उठेना. हरलेल्या गावकऱ्यांच्या गायी-म्हशी कुरणातून हाकून बाहेर काढल्या, तेव्हा कुठे लोकांना कंठ फुटला.

"नऊही वेळा चेंडूच्या मागे हैबतीच धावत होता!" कुणीतरी ओरडलं.

ते खरं होतं. प्रत्येक वेळी वेशीपाशी हैबतीच होता, एक पाऊल उशिरा पोचलेला, धापा टाकत. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

राजाने संघाचे गुरू सिदोजी वस्तादांना बोलावलं. "वस्ताद, पुढच्या होळीला वर्ष आहे. तेवढ्यात राखण नव्याने उभी करा."

वस्तादांनी रायाजीला विचारलं, "दोष कुणाचा?"

"मी काय सांगायचं?" रायाजी म्हणाला. "सगळ्या गावाने पाहिलंय."

वस्तादांनी हैबतीला काढून टाकलं. लोकांनी त्याच्या दारावर शेण मारलं. हैबतीने पागोटं सारखं केलं, नमस्कार केला आणि नदीपल्याड बहिणीच्या गावी निघून गेला. त्याच्या जागी दूरच्या मुलखातून भीमा नावाचा गडी आणला. खांद्यावर वासरू घेऊन चढण चढणारा. त्याला पाहून लोक म्हणाले, "आता मुंगीसुद्धा वेशीतून जायची नाही."

ज्येष्ठात राजाने सरावाचा सामना ठेवला. समोर कोण? तर राजवाड्याचे पहारेकरी. जन्मात कधी चेंडूला पाय न लावलेले. सकाळी खेळ सुरू झाला, आणि ऊन चढेपर्यंत त्या पहारेकऱ्यांनी सात डाव केले.

राजा आसनावरून उठला आणि तसाच उभा राहिला. पहारेकरीच इतके गांगरले, की सातव्या डावानंतर त्यांनी राजाची माफी मागितली.

"भीमा, तू काय करत होतास?" वस्ताद ओरडले.

"माझी जागा मी सोडली नाही, वस्ताद," भीमा म्हणाला. "माझ्या जागेतून एकही गेला नाही. हवं तर पहारेकऱ्यांना विचारा."

वस्तादांनी विचारलं. पहारेकऱ्यांचा नाईक चाचरत म्हणाला, "खरंय. आम्ही आपले मोकळी जागा दिसेल तिकडून गेलो."

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी पुन्हा तोच सामना लावला आणि टेकाडावर जाऊन बसले. त्यांनी ठरवलं, आज चेंडूकडे बघायचंच नाही. आज फक्त चौघांच्या पायांकडे बघायचं.

आणि त्यांना दिसलं. चेंडू लांब असतानाच रायाजी आपली जागा सोडून त्याच्यावर झेपावत होता. चार वेळा चेंडू मिळे, टाळ्या पडत. पाचव्या वेळी हुके, आणि मागे दार सताड उघडं पडे. इतकी वर्षं ते दार धावत जाऊन कोण बंद करत होतं? आपली जागा सांभाळून शेजाऱ्याच्या जागेवर कोण धावत होतं?

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं खेळ शिकवला, आणि एवढी साधी गोष्ट दिसली नाही! ज्याने शंभर चेंडू अडवले, त्यालाच आपण नऊ चेंडूंपायी हाकलून दिलं.

ते तसेच उठले आणि नदी ओलांडून हैबतीच्या बहिणीच्या गावी गेले. हैबती ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसला होता. वस्तादांना पाहून तो उठायला गेला आणि कळवळून खाली बसला. त्याचा उजवा गुडघा घागरीएवढा सुजला होता.

"हे कधी झालं?" वस्तादांनी विचारलं.

"होळीच्या आधीच भरून आला होता. बारा वर्षं दोघांचं धावला बिचारा. त्या दिवशी नाही म्हणाला."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

हैबतीने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "वस्ताद, त्या दिवशी सगळे विचारत होते, चेंडू गेला तेव्हा तिथे कोण होतं. तिथे मी होतो. तिथे कोण नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही."

वस्तादांनी भर ओसरीत त्याच्यापुढे हात जोडले. "माझं चुकलं, हैबती. आता तू खेळू शकणार नाहीस. पण शिकवायला येशील?"

आतून बहीण तडकली, "ज्यांनी तुझ्या दारावर शेण मारलं, त्यांच्यासाठी जायचं नाही!"

"त्यांच्यासाठी नाही गं," हैबती म्हणाला. "कुरण गेलं आणि म्हशी आटल्यात. त्यांनी काय केलं होतं?"

सूज जरा उतरल्यावर तो काठी टेकत मैदानावर आला. सोबत वळलेला लांब दोर. त्याने चारही राखणदारांच्या कमरा एकाच दोराने बांधल्या, मध्ये चार-चार पावलांचं अंतर ठेवून. "आता वेस राखा," म्हणाला.

चेंडू दिसताच रायाजी झेपावला. दोराला हिसका बसला आणि चौघेही चिखलात तोंडावर आपटले. बघणारे खो-खो हसले. रायाजी लाल झाला. "मला बैलासारखं बांधता? या लंगड्याचं ऐकून?"

"दहा दिवस ऐक," वस्ताद म्हणाले. "मग खुशाल जा."

पहिले तीन दिवस चौघे पडतच होते. चौथ्या दिवशी पडल्या पडल्या रायाजीने मान वळवली. त्याची जागा मागे ओस पडली होती, आणि तिकडे पोचायला धडपडताना भीमाचे दोन्ही कोपर फुटले होते. रायाजी त्या रक्ताकडे बघत राहिला.  त्या दिवसापासून तो झेपावण्याआधी शेजाऱ्याला हाक देऊ लागला, "मी निघालो!" आणि भीमा उत्तर देऊ लागला, "जा, मी आहे!"

श्रावण गेला, भाद्रपद गेला. हैबतीने दोर सोडला, तरी चौघे बांधल्यासारखेच हलत होते.

पुढची होळी आली. डोंगराच्या दोन्ही बाजूंची माणसं मैदानाभोवती गोळा झाली. उगवतीने पहिला डाव केला. मग बराच वेळ मावळतीवाल्यांना वेशीजवळही येता आलं नाही. आणि अचानक रायाजीची जुनी खोड उसळली. हाक न देताच तो धावला, हुकला, आणि चेंडू त्याच्या मागून वेशीत गेला. भीमाने जीव खाऊन उडी टाकली, पण एक वीत कमी पडली. तो वेशीत पालथा पडला.

"भीमाला हाकला!" लोक खवळले. "परका तो परकाच!" कुणी ढेकूळ फेकलं. ते भीमाच्या पाठीवर फुटलं.

तेव्हा रायाजी वेशीत जाऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले.

"ढेकळं मला मारा," तो म्हणाला. "जागा मी सोडली. आणि गेल्या वर्षीचे नऊही माझ्याच जागेतून गेले. हैबतीकाका तर ते अडवायला धावत होते."

 ढेकूळ घेतलेले हात तसेच वर राहिले. असं कधी कुणी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. हैबतीने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

रायाजीने हात देऊन भीमाला उठवलं. खेळ पुन्हा सुरू झाला. त्यानंतर मावळतीचा एकही चेंडू वेशीपार गेला नाही, आणि सूर्य कलता कलता उगवतीने दुसरा डाव करून सामना जिंकला. त्या संध्याकाळी राजाने हैबतीला भर मैदानात आपल्या शेजारी बसवलं आणि साऱ्या गावाच्या वतीने त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या सकाळी गुरं कुरणात शिरली.

तात्पर्य : नुकसानीच्या जागी जो धापा टाकत उभा दिसतो त्याला दोष देण्याआधी, तिथे कोण असायला हवं होतं ते विचारावं.