पालवीचं टोक

त्या मुलुखात पाऊस यायचा थांबला होता, आणि तो का थांबला हे विचारणंही हळूहळू थांबलं होतं.

तिथल्या माळावरच्या एका झाडावर पालवी नावाचं पान राहत होतं. सगळ्यांत रुंद, सगळ्यांत बोलकं. वारा आला की आधी ती हलायची, मग बाकीची पानं.

एके दिवशी खोडाने पानांना सांगितलं, "तुमच्या पाठीवरच्या बारीक तोंडांतून पाणी उडून जातंय. मुळांना खाली काही सापडत नाही. तोंडं मिटा."

"मग श्वास?" पालवीने विचारलं.

"ऊन उतरल्यावर घ्या. थोडा."

तेवढ्याने भागलं नाही. मग खोडाने कडा आत वळवायला सांगितल्या, पुढे अंग आवळायला. काही पानांना ते जमलं नाही. ती गळून पडली आणि त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. पालवीला जगायचं होतं. तिने अंग आवळलं, पार सुईसारखं. आधी फार दुखलं, मग कमी. नंतर दुखतंय की नाही, हेच तिला सांगता येईना.

"अन्न कोण करणार आता?" पालवीने विचारलं.

"मी करीन," खोड म्हणालं. त्याने आपली साल हिरवी करून घेतली होती, तिच्यावर मेण चढवलं होतं, होतं नव्हतं ते पाणी पोटात साठवलं होतं. "तू फक्त राखण कर."

आसपासची झाडं वाळून गेली. एक शेळी आली, तिने झाडाला तोंड लावलं आणि रक्ताळल्या ओठांनी मागे सरली.

"वाचवलंस आपल्याला," खोड म्हणालं.

पालवी आपल्या टोकावरचं रक्त वाळताना पाहत राहिली. ते गरम होतं की गार, तिला कळलं नाही.

बऱ्याच काळाने तिच्या अगदी शेजारी एक फूल उमललं. पातळ, पिवळं.

"मावशी," फूल म्हणालं, "जरा सरकतेस? वारा येतोय."

पालवीने ऐकलं. सरकायला तिची ना नव्हती. पण सरकायचं कसं, अंगातल्या कुठल्या भागाने, ते तिला आठवेना. ती तशीच ताठ राहिली.

वारा आला. फुलाची एक पाकळी फाटून पालवीच्या टोकात अडकली आणि तिथेच हलत राहिली. वरून जाणाऱ्या एका दमलेल्या पाखराला वाटलं, या झाडाला पान फुटलंय. ते बसायला खाली वळलं.