थांबलेली दुपार

"मग ती द्रौपदा राहिलीच कुठे, बाबा?"

पुंजाराम ओसरीच्या पायरीवर बसला होता. बारा वर्षं तो घर सोडून गिरणा नदीकाठच्या या मठात येत होता. कधी चार दिवस, कधी चार महिने. आता त्याला कायमची दीक्षा हवी होती. बायकोला, द्रौपदाला, तिच्या भावाकडे पोचवायचं, नि मोकळं व्हायचं.

मठाचे गुरू भिकनबाबा वाती वळत होते.

"काय झालंय तिला?"

"गेल्या पोळ्याला मेंदूचा झटका आला. कालचं आठवत नाही, उद्याचं कळत नाही. मी पहिल्यांदा मठात आलो, ती एकच दुपार धरून बसलीय. म्हणते, ते मठात गेलेत, येतील इतक्यात."

"आणि तू?"

"मी समोरच असतो. मला बघून पदर सावरते. म्हणते, बसा दादा, ते आले की बोला."

बाबांचा हात थांबला... मग पुन्हा चालू झाला.

"मागचं-पुढचं सुटावं म्हणून मी बारा वर्षं आसन चुकवलं नाही," पुंजाराम म्हणाला. "तिचं एका सकाळी सुटलं."

"तुझ्यापेक्षा हुशार निघाली, म्हण की."

"चेष्टा नका करू, बाबा. डॉक्टरनं विचारलं, मालकांचं नाव काय? एक अक्षर बोलली नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, नवऱ्याचं नाव विसरली. माणूस म्हणजे काल, आज, उद्याची मोळी. दोर सुटला, मोळी संपली. तिथं कुणी नाहीच, तर मी सोडतोय कुणाला?"

बाबांनी वात खाली ठेवली.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"छत्तीस."

"त्यात तुझं नाव किती वेळा घेतलं तिनं?"

"एकदा... लग्नात, उखाण्यात. आमच्यात बायका नाव घेत नाहीत."

"डॉक्टरनं विचारलं, तेव्हा काय करत होती?"

"काय करणार? मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत..."

पुंजाराम मध्येच थांबला.

नदीवर टिटवी ओरडली.

"म्हणजे आहे ती," तो हळूच म्हणाला.

बाबांनी नवी वात वळायला घेतली.

"पण रोज सांगतो, बाबा, मीच तो, आलोय. पाहुण्याकडं बघून हसावं तशी हसते, नि पुन्हा दाराकडं बघते. असं किती दिवस सांगू?"

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तिला रोज पहिल्यांदाच ऐकायचंय, पुंजा... तिची दुपार थांबलीय. सांगता सांगता म्हातारं फक्त तुला व्हायचंय."