ढोलाला उत्तर काय?

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक विद्यापीठ होते, आणि ते कोणाचे आहे असे विचारले तर कोणालाच नीट सांगता येत नसे. राजाने ते बांधले नव्हते, कोणा धनिकाने त्याला आपले नावही दिले नव्हते. नगरातल्या प्रत्येक घरातून रोज सकाळी एक मूठ धान्य विद्यापीठाच्या कोठारात जाई आणि त्यावर तीनशे विद्यार्थी जेवत. म्हणून तिथले प्रत्येक व्याख्यान सर्वांसाठी खुले असे. ज्याच्या घरची मूठ जाते, त्याने यावे, बसावे, ऐकावे.

विद्यापीठाचे आचार्य वृद्ध होते. गुडघे दुखत, कान मात्र तिखट होते. त्यांचाच एक जुना शिष्य, शुभंकर नावाचा, आता विद्यापीठाचा शिस्तपाल झाला होता. माणूस सरळ आणि कष्टाळू, पण नियम म्हटला की त्याला तहानभूक आठवत नसे. सगळ्या नियमांत त्याचा अतिशय लाडका नियम होता तो पूर्वपक्षाचा. वादसभेत कोणाचे म्हणणे खोडून काढायचे असेल, तर आधी ते म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे, आणि तेही असे की समोरच्याने मान हलवून ‘हो, हेच माझे म्हणणे’ असे कबूल केले पाहिजे. तोवर खंडनाचा एक शब्दही काढायचा नाही. हा नियम मोडणाऱ्या भल्याभल्या पंडितांना शुभंकरने सभेत खाली बसवले होते.

अशा या शुभंकरवर एका सकाळी भोजनशाळेच्या भिंतीवर तीन ओळी लागल्या.

*दहा नियम बोटांवर, अकरावा ओठांवर;*
*हसू आलं की लगेच विचारतो हा,*
*‘हसलास कुणाच्या आज्ञेवर?’*

खाली नाव होते, मृगांक. काव्यशाखेचा हा विद्यार्थी लपूनछपून काही करणाऱ्यांतला नव्हता. दुपारपर्यंत त्या ओळी भांडी घासणाऱ्यांच्याही तोंडी बसल्या. शुभंकर पंगतीतून गेला की मागे खसखस पिकायची. तो वळला की सगळे वरणात काहीतरी शोधायला लागायचे. शुभंकरला ते फार लागले. पंधरा वर्षे या पोरांसाठी हाडाची काडे केली, त्याचे हे फळ, असे त्याला वाटले.

त्यानंतर चारच दिवसांनी परगावचे एक नामांकित पंडित व्याख्यानाला आले. त्यांचे मत असे की लोकांच्या धान्यावर कवी पोसू नयेत. त्या धान्यावर वैद्य घडवावेत, गणिती घडवावेत, पाटबंधारे बांधणारे घडवावेत. ऐकायला नगरातून बरीच माणसे आली होती. एक म्हातारा कोष्टी तर चालता माग थांबवून आला होता. पंडितांनी तोंड उघडले मात्र, आणि खिडकीबाहेर ढोल सुरू झाला. वाजवणारा मृगांक, सोबत झांजा घेऊन त्याचे सहा मित्र. पंडित थांबले की ढोल थांबे, पंडित बोलू लागले की पुन्हा सुरू. घटकाभर असा खेळ चालला. शेवटी पंडितांनी पोथी बांधली आणि ते निघून गेले. कोष्टीही उठला आणि गुडघ्यावरची धूळ झटकत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभंकर आचार्यांपुढे हजर झाला. हातात नऊ पानांचे आरोपपत्र होते.

“मृगांकचा पाट उचलायचा आहे,” तो म्हणाला. “आपली अनुमती हवी.”

पंगतीत प्रत्येक विद्यार्थ्याचा नाव कोरलेला पाट असे. तो उचलला, की त्याचे विद्यापीठ संपले. नगराच्या कोणत्याही गुरूकडे मग त्याला थारा मिळत नसे. गेल्या वीस वर्षांत हे दोनदाच झाले होते.

आचार्यांनी पाने हाती घेतली. पहिली साडेआठ पाने त्या तीन ओळींबद्दलच होती. गुरुजनांचा अवमान, संस्थेची अप्रतिष्ठा, विनयभ्रंश, सगळे सविस्तर. आचार्य त्या ओळींपाशी आले आणि थांबले. मग ओठ हलवत त्यांनी त्या पुन्हा वाचल्या. त्यांचे खांदे हलू लागले. शुभंकरला वाटले, आचार्यांना दुःख अनावर झाले. पाहतो तो काय, ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते!

“मधली ओळ लंगडते रे,” डोळे पुसत ते म्हणाले. त्यांनी बोरू उचलला, ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिले, ‘हसणाऱ्याला पुसतो हा’. “आता बघ कशी चालते. हे भिंतीवर परत लाव. आधीच्या जागी उजेड कमी होता, खिडकीजवळ लाव.”



आचार्य नवव्या पानाच्या तळाशी पोहोचले. तिथे एकच ओळ होती. ‘शिवाय, पंडितांच्या व्याख्यानाच्या वेळी ढोल वाजवला.’ ती वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले.

“व्याख्यान पुरं झालं?” त्यांनी विचारले.

“नाही. पण पंडितांचं मत तरी काय, कोणालाच पटलं नसतं. तो ढोल म्हणजे नुसता पोरखेळ हो. खरा अपराध पहिला आहे.”

“पाट उचलण्याइतका अपराध इथे एकच आहे, आणि तो शेवटचा आहे,” आचार्य म्हणाले.

आता मात्र शुभंकरचा संयम सुटला. “म्हणजे गुरूची टिंगल करणाऱ्याची कविता आपण सुधारून द्यायची, आणि पोरांनी ढोलकं बडवलं तर त्यांना घरी पाठवायचं? आचार्य, मला हे कळत नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. माझी बाजू घेणारं इथे कोणीच नाही का?”

आचार्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. “वाईट वाटणारच. तू या पोरांसाठी जिवाचं रान केलंस, ते मी पाहिलंय. पण पाट उचलायचा म्हणजे मृगांकचं खंडन करायचं. मग त्याचा पूर्वपक्ष कुठे आहे? नऊ पानांत मला तो सापडला नाही.”

शुभंकर गोरामोरा झाला. ज्या नियमासाठी त्याने मोठमोठ्या पंडितांना बसवले, तोच नियम तो स्वतः विसरला होता.

तो मृगांककडे गेला तेव्हा मृगांक खोलीत कपड्यांचे गाठोडे बांधत होता. निकाल काय लागणार, हे त्याने मनाशी धरलेच होते. शुभंकर दारातच उभा राहिला.

“बस,” तो म्हणाला. “तू ढोल का वाजवलास, ते सांग. मला ते तुझ्या वतीने मांडायचंय.”

“तुम्ही? माझ्या वतीने?” मृगांकला ही थट्टाच वाटली. पण शुभंकर खरोखरच खाली बसला, चटईवर, गाठोड्याशेजारी. तेव्हा मृगांकचा आवाज खाली आला. “गुरुजी, मला भीती वाटली. ते पंडित फार छान बोलतात. त्यांचं ऐकून लोकांना पटलं असतं, तर काव्यशाखा बंद झाली असती. मी कुठे गेलो असतो? मला दुसरं काही येत नाही. माझ्या बाबांना तर आधीच वाटतं, मी इथे फुकट जेवतो. म्हणून म्हटलं, लोकांनी ते ऐकूच नये.”

“आणि माझ्यावर ओळी का लिहिल्यास?”

मृगांकने मान खाली घातली. “त्या दिवशी मी पंगतीत हसलो, आणि तुम्ही खरंच विचारलंत, ‘कोणाला विचारून हसलास?’”

आपण हे विचारले होते, हे शुभंकरला आठवले. त्याला हसू आले, आणि ते लपवायला त्याने खोकल्यासारखे केले.

दोघे आचार्यांपुढे उभे राहिले. शुभंकरने मृगांकची बाजू मांडली, आणि ती त्याच्या स्वभावाप्रमाणे चोख मांडली. भीतीही सांगितली, बाबांचे बोलणेही सांगितले, पंगतीतला स्वतःचा प्रश्नही गाळला नाही. शेवटी तो मृगांककडे वळला. मृगांकचे डोळे भरून आले होते. “हो,” तो म्हणाला, “हेच माझं म्हणणं.”

“आता माझं ऐका,” आचार्य म्हणाले. “शुभंकर, या पोराने तुझ्यावर तीन ओळी लिहिल्या, त्यावर तुला सहा लिहिता येतात. खाली त्याचं नाव आहे, त्याला गाठता येतं, खोटं ठरवता येतं, नाहीतर हसून सोडून देता येतं. बोलण्याला बोलण्याने उत्तर देता येतं. पण ढोलाला उत्तर काय? त्याहून मोठा ढोल! मग पंडितांनी दोन ढोल आणायचे, याने चार आणायचे, आणि हे विद्यापीठ नगरातल्या सगळ्यांत दणकट ढोलवाल्याचं व्हायचं. ज्या कोष्ट्याच्या घरून मूठ येते, तो माग बंद ठेवून ऐकायला आला होता. त्याच्या कानांवर मृगांकचा काय अधिकार? पंडितांचं पटलं नसतं तर त्याने नाही म्हटलं असतं. त्याला तेवढं डोकं आहे. इथे बोलण्याला कुंपणं दोनच. कोणाच्या अंगावर हात पडेल असं भडकवायचं नाही, आणि कोणाचं बोलणं बंद पाडायचं नाही. बाकी शिस्तपालालाच काय, मलाही कोणी नावं ठेवली तरी चालेल. फक्त यमक जुळवून ठेवावीत.”

“मग माझा पाट?” मृगांकने कसेबसे विचारले.

“राहील. एका अटीवर. पंडित तीन गावं पुढे गेले असतील. त्यांची क्षमा मागून त्यांना परत आण. ते बोलतील तेव्हा पहिल्या ओळीत बस. आणि मग भरसभेत त्यांचा पूर्वपक्ष मांड. त्यांनी मान हलवली, तरच तुझा पाट तुझा.”

मृगांकचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. पण तो त्याच पावली निघाला. पंडितांना मनवायला त्याला चार दिवस लागले, आणि त्यांच्या पोथ्यांचे ओझे सगळी वाट त्यालाच वाहावे लागले.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कोष्टी आला होता, या वेळी बायकोलाही घेऊन. शुभंकर नेहमीप्रमाणे दाराशी बसला. पंडित उभे राहिले. या वेळी ते फारच रंगात आले. “अहो, लोकांच्या धान्यावर कवी पोसणं,” ते म्हणाले, “म्हणजे चिमण्यांना पगार देऊन पहाटे गायला बोलावण्यासारखं आहे. त्या फुकट गातातच की!” नगरवासी खदखदून हसले. मागे काव्यशाखेची पोरे चिडली. आधी कुजबुज झाली, मग एकाने पाय आपटला, मग दहांनी आपटले. जमीन दणाणू लागली. पंडित अडखळले.

शुभंकर उठला. अशा वेळी काय करायचे ते त्याला पाठ होते. पण त्याने पहिले पाऊल टाकण्याआधीच पहिल्या ओळीत मृगांक उभा राहिला. रागाने त्याचे कान लाल झाले होते, कारण चिमण्यांची गोष्ट त्याला सर्वांत जास्त झोंबली होती.

“अरे गप्प बसा!” तो मित्रांवर ओरडला. “त्यांचं पुरं होऊ दे. ते अर्धवट राहिलं तर मी भांडू कशाशी?”

पाय थांबले. पंडितांनी चष्म्यावरून त्या मुलाकडे एकदा नीट पाहिले आणि उरलेले सगळे बोलून घेतले. मग मृगांकने त्यांचे म्हणणे मांडले. चिमण्याही सोडल्या नाहीत. मांडता मांडता त्याच्या लक्षात आले की पाटबंधाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, आणि तोही त्याने प्रामाणिकपणे सांगितला. पंडित ऐकत राहिले. शेवटी हसून म्हणाले, “हो, हेच माझं म्हणणं. मी स्वतः इतकं नीट मांडलं नव्हतं. बोल आता, कर माझं खंडन.” आणि आपले आसन उचलून ते मृगांकच्या पुढ्यात जाऊन बसले, म्हणजे एकही शब्द निसटायला नको.

वाद असा रंगला की जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना. कोष्ट्याने मध्येच हात वर करून विचारले, “मला दोघांचंही पटतंय, आता मी काय करू?” आणि सगळी सभा हसली. आचार्य म्हणाले, “उद्या पुन्हा या. आम्हीही तेच करतो.”

दाराशी शुभंकर बसून होता. त्याच्याकडे करायला काहीच काम उरले नव्हते. पंधरा वर्षांत शिस्तपाल असा रिकामा कधी बसला नव्हता. वेळ टळली, पंगत खोळंबली, नियमाप्रमाणे हे सगळे चुकीचेच होते. पण समोर तीनशे पोरे एकमेकांचे बोलणे संपायची वाट पाहत होती, आणि ज्या शिस्तीसाठी आपण जन्मभर धावलो ती हीच, हे ओळखून तो समाधानाने आणखी ऐसपैस मांडी घालून बसला.